न दिसणारी दोरी

गढूळ पाण्यात मासा धरणे कष्टाचे असेल, पण त्यात विचार करावयास लावील असे फारसे काही नाही. पाणी नितळ झाले म्हणजे मात्र प्रकरण निराळे होते. तळाचा खडान् खडा दिसू लागतो, आणि जसे आपणांस मासे दिसतात तसे माशांसही आपण दिसतो. काठावरच्या माणसाची सावली, हातातील काठीची हालचाल, पाण्यावर पडलेली दोरी, यांतील एकही गोष्ट त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. अशा पाण्यातला, आणि त्यातही एकदा गळाचा अनुभव घेतलेला मासा समोरच्या घासापर्यंत येतो, थबकतो आणि शेपटीच्या एका हेलकाव्यासरशी मागे वळतो. त्याला फसवावयाचे तर आमिष उत्तम असून भागत नाही. आमिषास बांधलेली दोरी त्याला दिसता कामा नये. ही न दिसणारी दोरी कोणती घ्यावी, किती बारीक घ्यावी, यावर इंग्लंडात साडेतीनशे वर्षे लिखाण चालू आहे. त्यात दोरीच्या जाडीचा विचार मोठा सूक्ष्म आहे. पण दोरी लपविणे या कृत्याला नीतीच्या भाषेत काय नाव द्यावे, हा प्रश्न बहुधा थट्टेवारी नेला जातो. तो तसा नेण्याजोगा नाही असे मला वाटते.

मासे मारणे हेच पाप की काय, हा जुना वाद येथे उकरून काढावयाचा नाही. ज्यांच्या घरी मासा शिजत नाही त्यांना तो वाद संपलेला वाटतो, आणि ज्यांच्या घरी शिजतो त्यांच्या लेखी तो कधी सुरूच झालेला नसतो. आपला प्रश्न त्याहून लहान आहे. मारणे क्षम्य धरले, तर लपून मारल्याने त्यात काही अधिक दोष येतो काय? आणि समोरचा जीव जसजसा सावध होईल तसतसे आपण अधिकाधिक लपत जावे, याला निव्वळ कौशल्य म्हणून सोडून द्यावे काय?

या कौशल्याचे माहेरघर म्हणजे दक्षिण इंग्लंडातील खडूच्या खडकांतून उगम पावणाऱ्या नद्या. हॅम्पशायर परगण्यातील टेस्ट आणि इचेन या त्यांतल्या विशेष नावाजलेल्या. पावसाचे पाणी खडूच्या थरांत मुरते, तेथे गाळले जाते, आणि झऱ्यांवाटे बाहेर पडते तेव्हा ते काचेसारखे स्वच्छ असते. झऱ्यापाशी त्याची उष्णताही बारमास १० ते ११ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. अशा पाण्यात ट्राउट नावाचा मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तरंगत असतो व वरून वाहत येणारे किडेमाशा टिपतो. पिसे आणि रेशीम यांची खोटी माशी करून ती त्याच्या वाटेवर अलगद टाकावयाची, हा तेथला खेळ. आयझॅक वॉल्टनने आपले ‘कंप्लीट अँग्लर’ १६५३ साली प्रसिद्ध केले. पुढे १६८३ साली त्याला मरण आले तेही इचेनच्या काठच्या विंचेस्टर गावी, आणि तेथल्याच कॅथेड्रलमध्ये त्याचे दफन झाले. १६७६ च्या आवृत्तीस त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने दुसरा भाग जोडला. नितळ पाण्यासाठी त्याने घालून दिलेला नियम दोन शब्दांचा आहे म्हटले तरी चालेल: दोरी बारीक, आणि आपण लांब.

गळकाठीची मुख्य दोरी जाड असते. फेकण्यास तिला वजन लागते. तिच्या टोकाला काही हात लांबीचा एक बारीक तंतु जोडतात आणि त्या तंतूच्या टोकाला गळ. सारी लपवाछपवी या शेवटच्या तंतूत आहे. कॉटनच्या काळी तो घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असे, आणि गळाजवळ दोनच केस ठेवून वीस इंची ट्राउट ज्याला काठावर आणता येत नाही त्याने स्वतःला गळवाला म्हणवू नये, असे त्याचे मत होते. पुढे रेशमाच्या किड्याची पाळी आली. कोष विणण्याच्या बेतात आलेला किडा सिरक्यात बुडवावयाचा, त्याच्या पोटातील रेशमाच्या ग्रंथी काढून ताणावयाच्या, आणि तो ताणलेला तंतु वाळवावयाचा. स्पेनमधील मुर्सिया प्रांत या धंद्यासाठी प्रसिद्ध होता. एक मासा पकडण्यासाठी आधी किती किडे मारावे लागत याचा हिशेब कोणी ठेवलेला दिसत नाही. हा तंतु पोलादी पट्टीच्या बारीक छिद्रांतून ओढून आणखी बारीक करीत. १९३८ साली नायलॉन जाहीर झाले आणि महायुद्धानंतर त्याने रेशमी तंतूला बाजूस सारले. आपल्या कोकणात त्यालाच तंगूस म्हणतात. १९७१ साली जपानमधील कुरेहा कंपनीने फ्ल्युओरोकार्बन नावाच्या पदार्थाचा तंतु काढला, आणि नितळ पाण्यासाठी आज त्याचीच शिफारस होते.

त्याचे कारण शाळेतल्या पदार्थविज्ञानाने समजण्यासारखे आहे. पारदर्शक वस्तू पाण्यात दिसते ती प्रकाश तिच्यातून जाताना वळतो म्हणून. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, नायलॉनचा १.५ हून अधिक, आणि फ्ल्युओरोकार्बनचा सुमारे १.४२. हे अंतर जितके कमी तितकी वस्तू पाण्यात मिसळून गेल्यासारखी वाटते. म्हणून तो तंतु अदृश्य होतो असे मात्र नव्हे. विकणारे तसे म्हणतात, एवढेच. शिवाय माशाला जे दिसते त्यात तंतु हा एक भाग झाला. पृष्ठभागावर तरंगणारा तंतु पाण्याला किंचित दाबतो, आणि उन्हाच्या दिवशी त्या दबलेल्या रेघेची सावली तळाच्या वाळूवर तंतूच्या कितीतरी पट रुंद उमटते. म्हणून जाणते लोक तंतूला मुलतानी माती चोळतात, म्हणजे त्याचे तेलकटपण जाऊन तो पृष्ठभागाखाली बुडतो. आपल्या घरी जी माती तोंडाला लावण्यासाठी आणतात तीच ही. तेथे रूप खुलविण्यासाठी, येथे रूप पुसण्यासाठी. माशाला पाण्याबाहेरचे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसते, त्यापलीकडे पृष्ठभाग आरशासारखा होतो. हे कळल्यापासून माणूस कोठे उभा राहावा, किती वाकावा, याचेही गणित झाले आहे.

आता नीतीकडे वळू. पहिले उत्तर असे येईल की, हे कपटच नव्हे. असत्याला समोरच्याचा विश्वास लागतो. ज्याच्याशी आपला कधी शब्द झाला नाही त्याचा विश्वासघात कसला? हा युक्तिवाद जुना आहे आणि आपल्याकडे तो फार थोर मुखातून आला आहे. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडात, लपून मारलेल्या बाणाने घायाळ झालेला वाली रामाला जाब विचारतो. रामाच्या उत्तरात पुष्कळ कारणे आहेत. त्यांतले एक असे की, माणसे जाळ्यांनी, फाशांनी, झाकलेल्या सापळ्यांनी पशूंस धरतात. पशू गाफील असो, सावध असो की पाठमोरा असो, त्यात दोष मानीत नाहीत. आणि वाली तर वानर. न्यायालयात हे उत्तर टिकेल. लोकांच्या मनात मात्र ते टिकले नसावे. कारण प्रभासक्षेत्री कृष्णाच्या तळपायास हरिण समजून बाण मारणारा जरा व्याध हा मागल्या जन्मीचा वाली, अशी कथा त्यांनी रूढ केली. वादात ज्याचे तोंड बंद झाले त्याला लोकांनी युगानंतर झाडाआडून बाण मारण्याची पाळी दिली!

रामाच्या त्या वाक्यातील मला खटकणारा भाग ‘गाफील असो वा सावध असो’ हा आहे. या दोन अवस्था एकाच मापाने मोजता येतील असे मला वाटत नाही. गाफील प्राण्यापासून लपणे म्हणजे त्याच्या अज्ञानाचा फायदा घेणे. सावध प्राण्यापासून लपताना आपण त्याच्या ज्ञानावर मात करीत असतो, आणि ते ज्ञान त्याने कोठून मिळविले हा प्रश्न तेथे उभा राहतो.

त्याचे उत्तर बऱ्याच अंशी ‘आपल्यापासून’ असे आहे. बगळा आणि पाणमांजर हेही माशाचे गुरू आहेत हे खरे. पण दोरीचे भय त्यांनी शिकविलेले नाही. हॉलंडमधील ब्यूकेमा या संशोधकाने १९७० साली तळ्यातील कार्प माशांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकदा गळाला लागून सुटलेला मासा पुढे पुष्कळ काळ गळ टाळतो, एकच अनुभव त्याला पुरतो, असे त्यांत दिसून आले. म्हणजे ज्याला इंग्रज गळवाले कौतुकाने ‘शिकलेला मासा’ म्हणतात त्याची शाळा गळ हीच, आणि शिक्षकही तेच! याच्या उलट दृश्य पाहावयाचे तर रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीवर पाहता येते. तेथल्या डोहातील महसीर देवीचे म्हणून कोणी मारीत नाही. माणूस काठाशी आला की ते दूर पळत नाहीत, उलट जवळ येतात, आणि टाकलेल्या कुरमुऱ्यांवर तोंडे वर करतात. अन्यत्र महसीर हा अत्यंत बुजरा मासा म्हणून गळवाल्यांत विख्यात आहे. पोहणारा तोच, पाणी सह्याद्रीचेच. फरक त्या डोहाच्या काठी पिढ्यान् पिढ्या माणसे कशी वागली एवढाच आहे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे बारीक दोरीची निवड केवळ हत्याराची निवड राहत नाही. मासा बोलत नाही, करार करीत नाही, दाद मागत नाही. मागे वळणे हे एकच उत्तर त्याच्यापाशी आहे, आणि ते त्याने किंमत देऊन मिळविले आहे. ते उत्तर ऐकून आपण काय करतो? तर दोरी आणखी बारीक करतो. यात माझ्या मते एक प्रकारचा उद्दामपणा आहे. पण तो गुन्हा नव्हे, आणि येथेच थांबून निकाल दिला तर तो अर्धवट ठरेल. कारण या प्रकरणाला दुसरी बाजू आहे, आणि ती मोठी चमत्कारिक आहे.

खेळाडू गळवाला आपल्या बाजूने सांगतो की, बारीक तंतु हा माशावर केलेला उपकार आहे. जाड दोरीने ओढून काढणे म्हणजे दांडगाई. बारीक तंतूने खेळविण्यात मासा केव्हाही तोडून जाऊ शकतो, म्हणून दोघांस समान संधी मिळते. या समानतेचे नियमही त्यांनी मोठ्या गांभीर्याने केले. हालफर्डने १८८९ च्या आपल्या ग्रंथात तरंगत्या माशीची पद्धत बांधून दिली, आणि वर येऊन खाणाऱ्या माशावरच ती टाकावी हा त्याच्या अनुयायांचा धर्म झाला. स्क्यूजने १९१० साली पाण्याखालच्या माशीची बाजू घेतली. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वादसभा झाली. काय न्याय्य आणि काय अन्याय्य याचा तेथे काथ्याकूट झाला. मासा त्या सभेत पक्षकार नव्हता.

तो असता तर त्याने वेगळेच मागितले असते. बारीक तंतु म्हणजे कमजोर तंतु; कमजोर तंतूवर मासा ओढता येत नाही, तो दमेपर्यंत खेळवावा लागतो. त्या दमण्याने त्याच्या स्नायूंत आम्ल साचते, आणि पुढे सोडून दिला तरी तो कधीकधी मरतो. तंतु तुटला तर गळवाल्याच्या मते मासा जिंकला. प्रत्यक्षात तो तोंडात लोखंड आणि मागे ओढली जाणारी दोरी घेऊन गेला. २००३ साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा जाणणारे मज्जातंतू असल्याचे प्रसिद्ध केले. त्या जाणिवेला वेदना म्हणावे की नाही यावर पंडितांचे एकमत नाही, पण गळ नेमका तेथेच लागतो. समान संधीचा सारा हिशेब गळवाल्याच्या मनाच्या समाधानासाठी आहे. माशाला जय नको असतो. तंतु तुटल्याने त्याला जे मिळते ते फार तर जीवदान, आणि तेही पुष्कळदा अर्धे.

आता फ्ल्युओरोकार्बनकडे पुन्हा पाहा. तो सारख्या जाडीच्या नायलॉनहून बळकट असतोच असे नाही. पण कमी दिसतो म्हणून थोडा जाड घेतला तरी मासा बुजत नाही. जाड तंतूने मासा लवकर काठास येतो, कमी दमतो, तंतु कमी वेळा तुटतो. म्हणजे पूर्वी लपावयाचे असेल तर बळ सोडावे लागे. आता लपणे आणि बळ ही दोन्ही एका हाती येऊ पाहतात. खेळाच्या नियमाने ही बेइमानी वाढली. माशाच्या दृष्टीने मात्र त्याचे हाल कमी झाले. यावरून मला असे वाटते की, लपण्यात दोष शोधणारी आपली बुद्धी दोन योद्ध्यांच्या द्वंद्वातून आलेली आहे, आणि ती येथे लावणे चुकीचे आहे. द्वंद्वाला दोघांची संमती लागते. जेथे एकाचीच संमती आहे तेथे उघडपणा हा सद्गुण होत नाही. मारावयाचेच असेल तर कमीत कमी क्लेश देऊन मारावे एवढाच धर्म तेथे उरतो.

मग ‘मारावयाचेच असेल तर’ या शब्दांवर सारा भार येतो. भर्तृहरीने कोळ्याला माशाचा निष्कारण वैरी म्हणून व्याधाच्या आणि चहाडखोराच्या पंक्तीला बसविले आहे. येथे त्या थोर कवीशी माझे जमत नाही. कोळ्याला कारण आहे, आणि ते त्याच्या घरातल्या चुलीवर पाहावयास मिळते. मालवणच्या खडकावर बसून संध्याकाळच्या कालवणापुरते गरवणारा माणूस तंगूस बारीक घेतो की जाड, हा त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. नीतीला त्यात पाऊल घालण्याचे कारण दिसत नाही. ‘निष्कारण’ हे विशेषण खरे लागू पडते ते मासा खावयाचा नाही, विकावयाचा नाही, आणि पकडून सोडूनच द्यावयाचा आहे अशा गृहस्थाला. त्याला सावध मासाच हवा असतो. भोळा मासा त्याला रुचत नाही. ज्या भयाला आपण कारण झालो त्या भयाचा त्याला खेळ पाहिजे. स्वित्झर्लंडच्या कायद्याने २००९ पासून, सोडून देण्याच्याच हेतूने मासा गळाला लावण्यास मनाई केली. ती पुष्कळांना विक्षिप्त वाटली, कारण सोडून देणे ही दया अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण तो कायदा विचारतो ते हेच की, सोडावयाचाच होता तर धरला कशाला?

ही हौस पाश्चात्त्यांचीच आहे अशी समजूत करून घेऊन आपण निश्चिंत होण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद हे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाणे, गळाने त्यांस धरण्याची रीत, सारे राजाच्या करमणुकीखाली दिलेले. याच ग्रंथात आपल्या भाषेतील फार जुनी गीतेही सापडतात, म्हणून मराठी अभ्यासक त्याला वंदन करतात. त्याच पोथीतला हा दुसरा विनोद सहसा कोणी उघडत नाही.

राहिली एक गोष्ट, आणि माझ्या मते या सर्व प्रकरणात दोष निर्विवादपणे कोठे लागत असेल तर तो येथे. दोरी लपवावयाची ती एका माशापासून, एका घासापुरती. पण ती तुटून झाडाच्या मुळाशी अडकली, किंवा गुंता झाला म्हणून कापून काठावर टाकली, म्हणजे तिचे लपणे थांबत नाही. ती आता खंड्याला दिसत नाही, हंसाला दिसत नाही, कासवाला दिसत नाही. ज्यांना फसविण्याची कोणाचीही इच्छा नव्हती ते तिच्यात फसतात. गळाच्या सरंजामाने परक्या जिवांना अशी झळ लागणे नवे नाही. दोरी बुडावी म्हणून लावलेले शिशाचे मणी टिपून हंस विषाने मरू लागले, तेव्हा ब्रिटनने १९८७ साली बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडले: मैलोगणती सोडलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत डॉल्फिन, कासवे आणि पक्षी इतके सापडू लागले की, १९९१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने खुल्या समुद्रातील अशी प्रचंड वाहती जाळी पुढल्या वर्षाअखेर थांबविण्याचा ठराव केला. माशाशी करार नव्हता म्हणून सुटणारा माणूस येथे सुटत नाही, कारण येथे त्याचा हेतूही नव्हता आणि गरजही नव्हती. होती ती फक्त वाकून दोन हात तंतु खिशात घालण्याची टंगळमंगळ.

फ्ल्युओरोकार्बन पाणी शोषून घेत नाही आणि उन्हाने सहसा खराब होत नाही. विकणारे हे त्याचे गुण म्हणून सांगतात, आणि गळकाठीवर असेपर्यंत ते गुणच आहेत. रेशमी तंतूचे तसे नव्हते. तो उन्हाने ठिसूळ होई, ओला राहिला तर कुजे, अंधारात जपून ठेवावा लागे, आणि एका मोसमानंतर त्याचा भरवसा राहत नसे. ऐन वेळी तो तुटे, आणि त्या काळचे गळवाले त्याच्या नावाने बोटे मोडीत.